आपत्तीच्या कसोटीस उतरलेला राजा : राजर्षी शाहू छत्रपती

करवीरनगरीत ज्ञातिसंस्थेची स्मरणिका निघावी आणि तीत राजर्षी शाहू छत्रपतींचे स्मरण नसावे, असे सहसा घडत नाही. तसे घडणे योग्यही नव्हे. जातिजातींतील होतकरू मुलांना शहरात निवारा मिळावा, दोन वेळचे अन्न मिळावे आणि विद्या मिळावी, म्हणून महाराजांनी वसतिगृहांना जागा दिल्या, इमारती दिल्या, वार्षिक नेमणुका दिल्या. त्या उपकाराचे वर्णन आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण अनेकदा ऐकिले आहे. प्रस्तुत लेखात मात्र महाराजांच्या चरित्राची एक वेगळी बाजू सभासद कुटुंबांपुढे ठेवावयाची आहे. अस्मानी संकट कोसळले असता हा राजा कसा वागला, त्या वागण्याने प्रजेच्या मनात त्याचे स्थान कसे निर्माण झाले आणि आज मतदार म्हणून आपण त्यापासून काय घ्यावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. २०१९ आणि २०२१ या दोन वर्षी पंचगंगेचे पाणी आपल्यापैकी अनेकांच्या उंबऱ्याच्या आत आले होते. तेव्हा हा विषय केवळ इतिहासाचा आहे असे कोणी समजू नये.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळचे नाव यशवंतराव. पिता जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब आणि माता राधाबाई. १७ मार्च १८८४ रोजी महाराणी आनंदीबाईसाहेबांनी त्यांना दत्तक घेतले आणि ते करवीरच्या गादीचे धनी झाले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले. धारवाडास फ्रेझरसाहेबांच्या देखरेखीखाली त्यांनी राज्यकारभाराचे पाठ घेतले आणि २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे प्रत्यक्ष हाती घेतली. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचेही नव्हते.

नव्या राजास स्थिरस्थावर होण्यास दैवाने फारशी सवड दिली नाही. १८९६ साली पावसाने दगा दिला आणि मुंबई इलाख्यासह हिंदुस्थानाचा मोठा भाग दुष्काळाने ग्रासला. धान्याचे भाव कडाडले. ज्यांच्या पदरी साठा होता ते व्यापारी भाव आणखी चढण्याची वाट पाहू लागले; ज्यांच्या पदरी काही नव्हते ते घरदार सोडून अन्नाच्या शोधात निघाले. अशा प्रसंगी राजवाड्यात बसून अहवाल वाचणे महाराजांना रुचले नाही. ते स्वतः मुलखात हिंडले, रयतेची स्थिती डोळ्यांनी पाहिली आणि मग उपाय योजिले.

त्या उपायांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. पहिला प्रश्न धान्याचा. व्यापाऱ्यांना केवळ धाक न दाखविता त्यांनी धान्य माफक दराने विकावे आणि त्यात येणारी तूट दरबाराने सोसावी, अशी व्यवस्था करण्यात आली. स्वस्त धान्याची दुकाने उघडली. दुसरा प्रश्न हातांना कामाचा. रस्ते, विहिरी, तलाव यांची कामे काढून धडधाकट माणसास मजुरी मिळवून दिली. तिसरा प्रश्न त्या कामावर येणाऱ्या बायाबापड्यांचा. अंगावरचे मूल उन्हात टाकून माता खडी फोडावयास बसते, हे पाहून अशा मुलांच्या सांभाळाची सोय कामाच्या जागीच करण्यात आली. जे काम करूच शकत नव्हते अशा वृद्ध, अपंग व निराश्रित जनांसाठी आश्रम उघडले. चौथा प्रश्न मुक्या जनावरांचा. त्यांच्यासाठी दरबारची राने चराईस मोकळी केली आणि शेतकऱ्यास तगाई देऊन पुढील हंगामाची आशा जिवंत ठेविली. बैल वाचला तर शेत वाचते आणि शेत वाचले तर कुटुंब वाचते, हा हिशेब शेतकऱ्यांच्या राजास कोणी शिकवावा लागला नाही.

दुष्काळ सरतो न सरतो तोच ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ आली. या साथीच्या निमित्ताने पुण्यात काय घडले ते सर्वश्रुत आहे. घरोघर घुसून होणाऱ्या तपासण्यांनी लोक बिथरले आणि २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबांवर गोळी झाडली गेली. रोग तोच, नियमही पुष्कळसे तेच. परंतु सक्तीपूर्वी विश्वास निर्माण केला नाही तर हिताची गोष्टही जनतेस जुलूम वाटते, हा त्याचा बोध होय. करवीरात रोगाचा उपद्रव कमी नव्हता. तथापि महाराजांनी लोकांस गावाबाहेर झोपड्या बांधून राहण्यास साह्य केले, औषधोपचाराची तजवीज केली आणि स्वतः जातीने लक्ष घातले. दुष्काळात ज्याने अन्न पुरविले त्याच्या सांगण्यावरून घर सोडणे लोकांस तितके जड गेले नाही. लगोलग १८९९–१९०० चा दुसरा मोठा दुष्काळ आला, त्या वेळी पहिल्या दुष्काळाचा अनुभव कामी आला.

येथवरचे वर्णन एखाद्या दयाळू राजाचे झाले. परंतु महाराजांचे मोठेपण दयेपाशी थांबत नाही. संकट टळल्यावर बहुतेक राज्यकर्ते सुटकेचा निःश्वास टाकतात आणि पुढील संकटापर्यंत विषय विसरतात. महाराज विसरले नाहीत. पाऊस पुन्हा दगा देणार, हे गृहीत धरून त्यांनी पाटबंधाऱ्यांकडे लक्ष वळविले. जुन्या विहिरी व तलाव यांची पाहणी, दुरुस्ती व नवी कामे सुरू झाली आणि त्यातूनच भोगावती नदीवर मोठे धरण बांधण्याची योजना पुढे आली. आपल्या कन्येच्या नावावरून त्या स्थळास राधानगरी असे नाव दिले. १९०७–०८ च्या सुमारास सुरू झालेले हे काम संस्थानाच्या ऐपतीच्या मानाने अवाढव्य होते. १९१८ पर्यंत बांध सुमारे ४० फूट उंचीपर्यंत आला आणि द्रव्याच्या अडचणीमुळे काम थांबले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले. पूर्ण झालेले धरण त्यांच्या दृष्टीस पडले नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या दशकात, ते पुरे झाले. आज भोगावतीकाठचा हिरवागार ऊस पाहताना त्यामागे दोन दुष्काळांची आठवण आहे, हे कितीजणांच्या ध्यानात येते?

महाराजांना कोणाचे मत मागावयाचे नव्हते. त्यांचे राज्य निवडणुकीने आलेले नव्हते आणि निवडणुकीने जाणारही नव्हते. तरीही मताधिकाराचे मर्म त्यांनी ओळखले होते. १९१९ च्या सुधारणांपूर्वी व नंतर, मागासलेल्या वर्गांस कायदेमंडळात स्वतंत्र प्रतिनिधित्व मिळावे यासाठी त्यांनी हिरिरीने प्रयत्न केला. मुंबई कायदेमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखून ठेवण्यात आल्या. १९१७ साली त्यांनी सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही हीच दृष्टी होती. ज्यास वाचता येत नाही त्याच्या हाती मत येऊनही त्याचा धनी दुसराच होतो, ही भीती त्यांस होती.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१–५२ च्या निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मताचा अधिकार होता. राजा आणि रयत हे नाते संपून सरकार आणि मतदार हे नाते आले. संकटे मात्र तीच राहिली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. त्या अनुभवातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. लोकशाही व स्वतंत्र वृत्तपत्रे असलेल्या देशात भूकबळींचा मोठा दुष्काळ पडत नाही, असा सिद्धांत अमर्त्य सेन यांनी मांडला. मताची भीती ही राज्यकर्त्याच्या दयेपेक्षा अधिक भरवशाची, असा त्याचा अर्थ आहे.

परंतु ह्या नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली आणि पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेले. त्याच वेळी दोन दिवसांहून अधिक काळ घर पाण्यात असल्यास धान्य देण्याचा सरकारी आदेश निघाला आणि मदतीच्या पाकिटांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे झळकली. या दोन्ही गोष्टींवर लोकांनी तीव्र नापसंती दर्शविली. पुढे ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक झाली. २०१४ साली जिल्ह्यातील १० पैकी ८ जागा जिंकणाऱ्या सत्ताधारी पक्षांना त्या वेळी एकच जागा मिळाली. हा निकाल केवळ महापुराने लागला असे म्हणणे धाडसाचे होईल. उमेदवार, बंडखोरी, गटातटांचे राजकारण अशी कारणेही त्यात होती. तरीही त्या मतदानावर पुराची ओल अजिबात नव्हती, असेही कोणी म्हणणार नाही.

अभ्यासकांनी भारतातील व अमेरिकेतील निवडणुकांचा धांडोळा घेऊन दोन गोष्टी दाखविल्या आहेत. भारतात पाऊस बिघडला की मतदार सत्ताधाऱ्यास शिक्षा करतो. सरकारने तत्परतेने मदत केल्यास ती शिक्षा काहीशी सौम्य होते, परंतु पुरती भरून निघत नाही. अमेरिकेत तर असे आढळले की आपत्तीनंतर वाटलेल्या पैशाचे श्रेय मतदार देतो, परंतु आपत्ती येऊच नये म्हणून केलेल्या खर्चाचे श्रेय देत नाही. मग राज्यकर्त्याने धरण बांधावे कशासाठी? पाण्यात उभे राहून पाकिटे वाटणेच त्यास अधिक लाभाचे ठरते.

महाराजांच्या चरित्राचे आजच्या मतदारास जे सांगणे आहे, ते नेमके येथे आहे. त्यांनी धान्यही वाटले आणि धरणही आरंभिले. पहिल्याचे आशीर्वाद त्यांना हयातीत मिळाले. दुसऱ्याचे श्रेय देण्यास त्यांच्या पश्चात कित्येक वर्षे जावी लागली. मताची अपेक्षा नसलेल्या राजास हे साधले. मतावर जगणाऱ्या पुढाऱ्यास ते साधावयाचे असेल, तर त्यास तसे करण्यास भाग पाडणारा मतदार हवा.

म्हणून आपल्या ज्ञातिबंधुभगिनींस विनंती आहे की, संकटकाळी मिळालेल्या मदतीबद्दल कृतज्ञता अवश्य बाळगावी. परंतु ती मदत आपल्याच करांतून आलेली असून कोणाचे वैयक्तिक दान नव्हे, हेही विसरू नये. निवडणूक जवळ आली की उमेदवारास केवळ पुराच्या दिवसांत तो कोठे होता एवढेच विचारू नये. पूर ओसरल्यावर त्याने नदीपात्रातील अतिक्रमणांविषयी, पूररेषेतील बांधकामांविषयी, धरणांतून सोडावयाच्या पाण्याच्या नियोजनाविषयी काय केले, हेही विचारावे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची वार्ता येताच आपण घरातील सामान माळ्यावर चढवू लागतो. त्या क्षणी ते धरण ज्याने योजिले त्या राजाची आठवण व्हावी आणि पुढच्या पन्नास वर्षांची चिंता वाहणाऱ्यासच आपले मत जावे, एवढा संकल्प प्रत्येक कुटुंबाने केला, तरी महाराजांच्या ऋणातून आपण अल्पांशाने उतराई होऊ.