नाथमाधव : अंथरुणावरून घेतलेली झेप

प्रेमाची आणि विज्ञानाची कादंबरी एकाच सुमारास हाताळणारे मराठी लेखक म्हणून नाथमाधवांची आठवण आज फारशी कुणी काढत नाही. द्वारकानाथ माधवराव पितळे हे त्यांचे मूळ नाव. ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईत जन्मलेल्या या तरुणाला नाद होता तो शिकारीचा. ऐन तारुण्यात सिंहगडावर शिकारीस गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. रानोमाळ हिंडणाऱ्या माणसाला अंथरूण धरावे लागले. त्या सक्तीच्या विश्रांतीत पुस्तके हाती आली आणि वाचता वाचता ते लिहू लागले.

१९०८ मध्ये त्यांची ‘प्रेमवेडा’ प्रसिद्ध झाली. ‘श्रीनिवासराव’ ही वैज्ञानिक कादंबरीही त्याच वर्षीची. ज्युल्स व्हर्नची चांद्रसफर ‘केरळ कोकिळ’ मासिकातून मराठीत उतरू लागल्याला तेव्हा जेमतेम ८ वर्षे झाली होती. अशा काळात अनुवादाचा आधार सोडून विज्ञानावर स्वतंत्र कादंबरी रचणे हे धाडसच होते. ‘सावळ्या तांडेल’, स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणारी ‘डॉक्टर’ अशी त्यांची लेखणी पुढेही नवनव्या वाटांनी फिरत राहिली. वाचकांनी मात्र डोक्यावर घेतले ते अद्भुतरम्य ‘वीरधवल’ला आणि शिवकालावरील स्वराज्यविषयक कादंबऱ्यांना. ‘श्रीनिवासराव’ मागे पडली. तिचे नाव उरले ते बहुधा मराठी विज्ञानसाहित्याच्या इतिहासातच. २१ जून १९२८ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी नाथमाधवांचे निधन झाले.