आजी आऊसाहेब

इ. स. १६५९ च्या सप्टेंबर महिन्यात शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई राजगडावर निवर्तल्या. त्यांचे पुत्र संभाजीराजे तेव्हा अवघे सव्वादोन वर्षांचे होते. आईचा चेहरा ध्यानात राहावा, एवढेही त्यांचे वय नव्हते. या पोरक्या नातवाला जिजाबाईंनी आपल्या पदराखाली घेतले. त्या वेळी त्यांनी साठी ओलांडली होती.

दुःख जिजाबाईंना नवे नव्हते. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची ही कन्या. १६२९ साली देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने दगा केला आणि जिजाबाईंचे वडील व भाऊ एकाच दिवशी मारले गेले. पुढे त्यांचा थोरला पुत्र कनकगिरी येथे लढताना पडला. १६६४ च्या जानेवारीत दूर कर्नाटकात, होदिगेरे येथे, शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. ही वार्ता ऐकून जिजाबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. शिवाजी महाराजांनी त्यांची परोपरीने विनवणी केली. अखेर मुलासाठी आणि नातवासाठी आऊसाहेब मागे राहिल्या.

त्यांच्या मागे राहण्याचे मोल दोनच वर्षांत कळून आले. पुरंदरच्या तहानंतर महाराजांना औरंगजेबाच्या भेटीस आग्र्याला जाणे भाग पडले. ५ मार्च १६६६ रोजी त्यांनी राजगड सोडला. नऊ वर्षांचेही न झालेले संभाजीराजे त्यांच्याबरोबर होते. मुलगा आणि नातू, दोघेही एकाच वेळी शत्रूच्या दारी निघाले! निघताना महाराजांनी राज्याचा भार आपल्या वृद्ध मातेवर सोपविला.

थोड्याच दिवसांत दोघेही कैदेत पडल्याची बातमी आली. घरात बसून अश्रू ढाळावेत, अशीच ती वेळ होती. परंतु गडकोट, फौज आणि रयत यांची जबाबदारी आऊसाहेबांवर होती. मोरोपंत पिंगळ्यांसारख्या जाणत्या कारभाऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी ती निभावली.

ऑगस्टमध्ये महाराज पहाऱ्यातून निसटले. वाटेत मथुरेस त्यांनी संभाजीराजांना विश्वासू माणसांच्या घरी ठेवले आणि स्वतः वेषांतर करून ते राजगडी परतले. पाठलाग थांबावा म्हणून संभाजीराजे वारल्याची आवई त्यांनी उठविली होती. पुढे संभाजीराजेही सुखरूप पोहोचले. ज्याला आईविना वाढविले, तो नातू आजीच्या दृष्टीस पुन्हा पडला.

रायगड राजधानी झाल्यावर गडावरील थंड वारा आऊसाहेबांच्या थकलेल्या देहाला सोसेना. म्हणून महाराजांनी त्यांच्यासाठी गडाच्या पायथ्याशी पाचाड येथे वाडा बांधला. ६ जून १६७४ रोजी महाराजांना राज्याभिषेक झाला. आप्तांचे इतके मृत्यू पाहिलेल्या डोळ्यांनी आऊसाहेबांनी आपल्या मुलाला सिंहासनावर बसलेले पाहिले. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, पाचाडच्या वाड्यात त्यांनी देह ठेवला.

आपल्या माणसांना मायेने बांधून न ठेवता त्यांनी कर्तव्याच्या वाटेवर जाऊ दिले आणि त्यांच्यामागे घर व राज्य सांभाळले. पाचाडला आजही त्यांची समाधी आहे. रायगड चढण्यापूर्वी अनेकांची पावले तेथे वळतात आणि त्यांचे हात आपोआप जोडले जातात.