ओनोरे मेर्सिए : प्रांताच्या हक्कांचा कैवारी

प्रस्तावना

१८६७ मध्ये कॅनडाचे संघराज्य अस्तित्वात आले, तेव्हा क्वेबेक हा त्यातील फ्रेंचभाषक बहुसंख्येचा एकमेव प्रांत होता. देशभरात इंग्रजी भाषकांचे संख्याबळ मोठे होते. अशा स्थितीत आपल्या भाषेचे, धर्माचे आणि दिवाणी कायद्याचे रक्षण कोणत्या संस्थेमार्फत करावे, हा फ्रेंचभाषकांपुढील प्रश्न होता. प्रांतिक सरकारमार्फत, असे त्याचे निःसंदिग्ध उत्तर देणारे नेते म्हणजे ओनोरे मेर्सिए. त्यांचे चरित्र अभ्यासताना त्यांचा विचार आणि त्यांचा राज्यकारभार या दोहोंकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते.

जडणघडण

मेर्सिए यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८४० रोजी क्वेबेकमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. माँट्रिऑल येथील जेझुइट पंथीयांच्या महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८६२ मध्ये ते सँ-तियासँत या गावातील वृत्तपत्राचे संपादक झाले. नियोजित संघराज्यात फ्रेंचभाषक अल्पसंख्य ठरतील, या भीतीने त्यांनी त्या योजनेला विरोध केला आणि १८६६ मध्ये वृत्तपत्र सोडले. तत्पूर्वी, १८६५ मध्ये, त्यांनी वकिलीची सनद मिळवली होती. १८७२ ते १८७४ या काळात ते संघीय संसदेचे सदस्य होते. पुढे ते प्रांतिक राजकारणात आले आणि १८८३ मध्ये क्वेबेकमधील लिबरल पक्षाचे नेते झाले.

सत्तेकडे वाटचाल

१६ नोव्हेंबर १८८५ रोजी लुई रिएल यांना फाशी देण्यात आली. रिएल हे कॅनडाच्या वायव्य भागातील मेति या मिश्रवंशीय समाजाचे फ्रेंचभाषक नेते होते आणि त्यांनी संघीय सरकारविरुद्ध उठाव केला होता. या फाशीने क्वेबेकमध्ये संतापाची लाट उसळली. २२ नोव्हेंबरला माँट्रिऑलमध्ये हजारोंची सभा भरली, तीत मेर्सिए यांनी फ्रेंचभाषकांना पक्षभेद विसरण्याचे आवाहन केले. लिबरल आणि असंतुष्ट कॉन्झर्व्हेटिव्ह यांना एकत्र आणून त्यांनी 'राष्ट्रीय पक्ष' उभारला. १८८६ च्या निवडणुकीनंतर, जानेवारी १८८७ मध्ये, ते प्रांताचे मुख्यमंत्री झाले.

कारभार

ऑक्टोबर १८८७ मध्ये मेर्सिए यांनी क्वेबेक शहरात प्रांतांची पहिली परिषद बोलावली. सातपैकी पाच प्रांतांचे प्रतिनिधी तिला उपस्थित राहिले. प्रांतांच्या अनुदानात वाढ करावी आणि प्रांतिक कायदे रद्द करण्याचा संघीय सरकारचा अधिकार काढून घ्यावा, अशा मागण्या परिषदेने केल्या. पंतप्रधान मॅक्डोनाल्ड यांनी त्यांची दखल घेतली नाही. तथापि हक्कांसाठी प्रांतांनी एकत्र यावे, हा प्रघात येथूनच सुरू झाला.

१८८८ मध्ये जेझुइट पंथाच्या जप्त मालमत्तेचा जुना वाद मिटवणारा कायदा झाला. त्यान्वये ४,००,००० डॉलरची भरपाई ठरली व तिच्या वाटपाचा निर्णय पोपकडे सोपवण्यात आला. प्रॉटेस्टंट शिक्षणासाठी ६०,००० डॉलर देण्यात आले. पोपच्या सहभागामुळे ऑन्टॅरिओ प्रांतात क्षोभ माजला. परंतु कायदा रद्द करण्याचा ठराव १८८९ मध्ये संसदेत १८८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळला गेला. याखेरीज कामगारांसाठी रात्रशाळा सुरू झाल्या. नव्या शेतवस्त्यांच्या कामासाठी मेर्सिए यांनी लाबेल या धर्मगुरूंना शासनात नेमले. बारा किंवा अधिक अपत्ये असलेल्या कुटुंबांना शंभर एकर जमीन देण्याची योजनाही १८९० मध्ये आली.

पतन

१८९० च्या निवडणुकीत मेर्सिए यांना मोठा विजय मिळाला, पण सरकारी पैशाच्या वापराबाबत त्यांचे सरकार सैल राहिले. बे दे शालर रेल्वेसाठी दिलेल्या अनुदानातील १,००,००० डॉलर लिबरल पक्षाचे कोषाध्यक्ष एर्नेस्त पाको यांच्याकडे गेल्याचे १८९१ मध्ये उघड झाले. चौकशीनंतर नायब राज्यपाल आंजेर यांनी त्या डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळ बडतर्फ केले. मार्च १८९२ च्या निवडणुकीत पक्षाचा धुव्वा उडाला. मेर्सिए यांच्यावर खटला चालला. त्याच वर्षी ते निर्दोष सुटले, परंतु तोवर त्यांचे दिवाळे निघाले होते. तरीही एप्रिल १८९३ मध्ये त्यांनी माँट्रिऑलमधील जाहीर सभेत कॅनडाच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार केला. ३० ऑक्टोबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

प्रांताचे सरकार हे भाषिक समाजाचे आश्रयस्थान आहे, असे मानणाऱ्या नेत्यावर त्या सरकारची तिजोरी निष्कलंक राखण्याची जबाबदारी अधिकच असते. मेर्सिए येथे उणे पडले आणि त्याची किंमत त्यांना सत्ता गमावून मोजावी लागली. विचार मात्र त्यांच्याबरोबर लोपला नाही. १९०७ मध्ये प्रांतांची अनुदाने वाढवण्यात आली. त्यांचे जावई लोमेर गुआँ तेव्हा क्वेबेकचे मुख्यमंत्री होते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : मेर्सिए यांच्या पतनामुळे त्यांच्या प्रांतिक हक्कांच्या भूमिकेचे महत्त्व कमी होते काय? पाठातील घटनांच्या आधारे आपले मत मांडा.