आरमारातला पोरगा आणि आपला काळा दगड



भित्तिपत्रकाच्या या अंकासाठी गुरुजींनी आम्हा सातवीच्या मुलांना एकेका शास्त्रज्ञाचं चरित्र लिहायला सांगितलं. रामन, एडिसन, मेरी क्युरी ही नावं पटापट संपली. आमची म्हैस व्यायली होती म्हणून मी त्या दिवशी उशिरा आलो, आणि माझ्या वाट्याला पॅट्रिक ब्लॅकेट हे नाव आलं. आधी मी हिरमुसलो. मग वाचता वाचता कळलं, की आपल्या माळावरच्या काळ्या दगडाशी या माणसाचा संबंध आहे. तो कसा, ते शेवटी सांगतो.

पॅट्रिकचा जन्म १८ नोव्हेंबर १८९७ रोजी लंडनला झाला. त्याला पक्षी बघायचा आणि हाताने काहीबाही बनवायचा नाद होता. तेराव्या वर्षी, म्हणजे आमच्याच वयात, त्याला आरमाराच्या शाळेत घातलं. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि हा सोळा वर्षांचा पोरगा थेट लढाऊ जहाजावर गेला. १९१६ साली जटलंडची मोठी समुद्री लढाई झाली, तिच्यात तो बारहॅम नावाच्या जहाजावर होता. त्या जहाजावर शत्रूचे गोळे येऊन पडले. पॅट्रिक वाचला.

युद्ध संपल्यावर १९१९ साली आरमारानेच त्याला थोडे महिने शिकायला केंब्रिजला पाठवलं. तिथली प्रयोगशाळा पाहून त्याचं मन असं काही रमलं, की त्याने आरमाराची नोकरीच सोडली. बांधलेली नोकरी सोडायची म्हणजे घरच्यांना काय वाटलं असेल!

केंब्रिजला रदरफर्ड हे फार मोठे शास्त्रज्ञ होते. नायट्रोजनच्या अणूवर वेगवान कण आपटला की अणूतून दुसरा कण बाहेर पडतो, हे त्यांनी शोधलं होतं. पण आत नेमकं होतं काय, ते कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. हे काम त्यांनी ब्लॅकेट यांना दिलं. त्यासाठी विल्सन यांनी शोधलेलं मेघकक्ष नावाचं यंत्र होतं. बंद डब्यात दमट हवा असते. ती एकदम प्रसरण पावली की थंड होते, आणि आतून गेलेल्या कणाच्या वाटेवर पाण्याचे बारीक थेंब जमून पांढरी रेघ दिसते. उंचावरून विमान गेल्यावर मागे रेघ राहते ना, तशीच. ब्लॅकेट यांनी हे यंत्र असं सुधारलं, की ते आपोआप चालेल आणि आपोआप फोटो काढेल. त्यांनी सुमारे २३,००० फोटो काढले. त्यांत चार लाखांहून जास्त रेघा होत्या. त्यांतल्या फक्त ८ रेघा हव्या तशा फुटलेल्या सापडल्या. आठच! पंढरीच्या वारीत चुकलेली आठ माणसं शोधणं त्यापेक्षा सोपं. पण त्या आठ रेघांनी दाखवलं, की नायट्रोजनचा अणू आलेला कण गिळतो आणि ऑक्सिजनचा होतो. हे १९२५ साली छापून आलं.

पुढे १९३२ साली ओक्यालिनी या इटलीच्या तरुणाबरोबर त्यांनी आणखी एक युक्ती केली. यंत्राच्या वर आणि खाली कण मोजणारी नळी बसवली. दोन्ही नळ्यांतून एकदम कण गेला तरच फोटो निघायचा. म्हणजे विश्वकिरण स्वतःचा फोटो स्वतःच काढायचे! अशा कामांसाठी १९४८ साली ब्लॅकेट यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

मध्यंतरी दुसरं महायुद्ध आलं. या वेळी त्यांनी हातात बंदूक घेतली नाही, कागद-पेन्सिल घेतली. १९४० साली लंडनवर जर्मन विमानं बॉम्ब टाकत होती. एक विमान पाडायला विमानवेधी तोफांचे सुमारे २०,००० गोळे खर्च होत. ब्लॅकेट आणि त्यांच्या सोबत्यांनी रडार आणि तोफा यांचं गणित नीट बसवून दिलं, आणि वर्षभरात तो आकडा ४,००० वर आला. नंतर पाणबुड्यांचा प्रश्न आला. विमानातून टाकलेला बॉम्ब शंभर फूट खोल गेल्यावर फुटायचा, पण पाणबुडी तर विमान दिसताच नुकती कुठे बुडी मारत असायची. त्यांच्या गटातल्या विल्यम्स यांनी तो पंचवीस फुटांवर फोडा असं सुचवलं. एवढ्याशा बदलाने पाणबुड्या कितीतरी जास्त बुडू लागल्या. आणखी एक गणित मला फार आवडलं. मालाची जहाजं लहान लहान ताफ्यांनी पाठवण्याऐवजी मोठ्या ताफ्याने पाठवा, असं त्यांनी सांगितलं. का? शेत चौपट झालं तरी कुंपण दुप्पटच लागतं. राखणदार जहाजांचंही तसंच.

मात्र शहरांवर बॉम्ब टाकून माणसांची घरं पाडायला त्यांचा विरोध होता. युद्धानंतर ब्रिटनने अणुबॉम्ब करू नये असंही त्यांनी सरकारला सांगितलं. दोन्ही वेळा त्यांचं ऐकलं गेलं नाही. ज्याने लढाईला एवढी मदत केली त्यानेच असं म्हणावं, याचा मी पुष्कळ विचार केला. मला वाटतं, जटलंडला त्यांनी जे पाहिलं ते ते विसरले नसावेत.

१९४७ साली ते दिल्लीच्या सायन्स काँग्रेसला आले. पंडित नेहरूंनी त्यांना भारताच्या संरक्षणातल्या विज्ञानाबद्दल सल्ला विचारला, आणि १९४८ साली त्यांनी तसा अहवाल दिला. होमी भाभा तर त्यांचे मित्रच.

आता त्यांच्या हरलेल्या प्रयोगाची गोष्ट. पृथ्वी फिरते म्हणूनच तिला चुंबकत्व आहे, आणि फिरणारी प्रत्येक वस्तू थोडी चुंबक असते, असा एक नियम त्यांनी १९४७ साली मांडला. तो तपासायला बँक ऑफ इंग्लंडकडून सुमारे १५ किलो सोनं आणून त्याचा गोल ठोकळा केला. लोखंड न वापरता बांधलेल्या खोलीत, अतिशय नाजूक चुंबकत्वमापक तयार करून ते मोजत बसले. पृथ्वीबरोबर सोनंही फिरतंच आहे, तेव्हा काहीतरी दिसायला हवं होतं. काहीच दिसलं नाही. त्यांनी १९५२ साली तसं स्पष्ट छापलं. माझी कल्पना चुकली, हे सगळ्या जगाला सांगितलं.

इथे मला एक कबूल करायचंय. मागच्या वर्षी प्रदर्शनात मी अंधारात मोड आणलेल्या मटकीचा तक्ता लावला होता. त्यावर २० पैकी २० दाण्यांना मोड आले असं लिहिलं होतं. खरे १३ आले होते. मला बक्षीस मिळालं नाही, पण ते वेगळं.

सोनं बँकेत परत गेलं, पण ते यंत्र वाया गेलं नाही. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोखंडयुक्त बारीक कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेने लागतं आणि तसंच थिजतं. दगड म्हणजे थिजलेली होकायंत्रंच. ब्लॅकेट यांच्या गटातल्या लोकांनी आपल्या दख्खनचे काळे दगड असे मोजले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही दगडांच्या चुंबकत्वावर काम झालं. १९५६ साली निकाल आला. ही लाव्हा थिजली तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो दगड. खंडं सरकतात हे तेव्हा पुष्कळ शास्त्रज्ञ मानत नव्हते, ब्लॅकेट मानत होते.

१३ जुलै १९७४ रोजी ते वारले.

हे वाचून मी गुरुजींकडून शाळेचं होकायंत्र मागून घेतलं आणि खडीच्या खाणीत गेलो. काळ्या कातळाजवळ सात ठिकाणी धरून पाहिलं. सुई हलली नाही. गुरुजी म्हणाले, दगडातलं चुंबकत्व एवढं थोडं असतं की या सुईला ते कळायचं नाही. वहीत मी सातही ठिकाणी लिहिलंय : हलली नाही. वही खाली टेबलावर ठेवली आहे.