आचार्य जॉन ड्यूई आणि त्यांची प्रयोगशाळा

दरवर्षी या स्मरणिकेत आपल्या ज्ञातीतील कर्त्या स्त्री-पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होतात. यंदा त्यांच्या पंक्तीस एका परदेशस्थ शिक्षकाचे चरित्र आम्ही ठेवीत आहोत. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे कशासाठी, अशी शंका काही ज्ञातिबांधवांस येईल. तिचे उत्तर लेखाच्या अखेरीस मिळावे, अशी आमची इच्छा आहे.

जॉन ड्यूई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील बर्लिंग्टन या गावी झाला. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. १८७९ साली पदवी घेऊन ड्यूई यांनी ऑइल सिटी येथे दोन वर्षे मास्तरकी केली. पुढे १८८४ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवू लागले. १८८६ साली अ‍ॅलिस चिपमन या बुद्धिमान स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. १८९४ साली शिकागो विद्यापीठाने त्यांस आपल्या तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख नेमले. मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र हे विषयही त्याच विभागाकडे होते.

रसायनशास्त्राच्या अध्यापकास प्रयोगशाळा लागते, मग शिक्षणशास्त्राचे केवळ व्याख्यानांवर कसे भागावे? या विचारातून जानेवारी १८९६ मध्ये १६ मुले व २ शिक्षक एवढ्या सामग्रीवर विद्यापीठाची शाळा सुरू झाली. तिच्यासाठी बाके शोधीत ड्यूई दुकानोदुकानी हिंडले. अखेर एका दुकानदाराने त्यांच्या ध्यानी आणून दिले की, त्यांस हवी होती मुलांना काम करता येईल अशी बाके, आणि बाजारात होती ती सारी बसून ऐकण्यासाठी केलेली. रूढ शिक्षणाचे सारे वैगुण्य ड्यूईंना या एका गोष्टीत दिसले.

त्यांच्या शाळेत स्वयंपाक, सुतारकाम, शिवण व विणकाम हे अभ्यासक्रमाच्या मध्यभागी होते. मुलांच्या हाती कापसाची बोंडे व लोकर देण्यात आली. अर्धा तास खपून सरकीपासून वेगळा केलेला कापूस एक औंसही भरला नाही. कापसाचा तंतू आखूड व गुळगुळीत, लोकरीचा लांब व खरबरीत, म्हणून लोकर सहज कातली जाते, हेही मुलांनी हातांनी चाचपून ओळखले. सरकी काढण्याच्या यंत्राने जगात केवढी उलथापालथ केली, हे मग त्यांस निराळे सांगावे लागले नाही. वऱ्हाड-खानदेशातील आपल्या कुटुंबांस या धड्याचे मर्म सहज उमजेल.

१९०२ पर्यंत तेथे सुमारे १४० मुले व २३ शिक्षक झाले. शिवाय विद्यापीठातील काही विद्यार्थी मदतनीस म्हणून असत. शिक्षक दर आठवड्यास एकत्र बसून काय साधले, काय फसले याची चर्चा करीत. एला फ्लॅग यंग या अनुभवी शिक्षिकेचे साह्य ड्यूईंस मोलाचे वाटे. नवशिक्षकास वर्ग शांत ठेवण्याच्या चार युक्त्या पढविणे म्हणजे शिक्षण-प्रशिक्षण, हे मत त्यांना मान्य नव्हते. मुलाचे मन कसे चालते हे ज्यास पाहता येते, तोच शिक्षक पुढे आयुष्यभर वाढत राहतो, असे ते १९०४ साली प्रतिपादीत होते.

दुर्दैवाने त्याच वर्षी हा प्रयोग त्यांच्या हातून गेला. १९०१ साली कर्नल पार्कर यांची शिक्षणसंस्था विद्यापीठात आली आणि १९०३ साली दोन्ही शाळा एक झाल्या. अ‍ॅलिसबाई मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या पदावरून वाद विकोपास गेला व उभयतांनी राजीनामे दिले. त्यानंतर युरोपच्या प्रवासात त्यांचा आठ वर्षांचा मुलगा गॉर्डन विषमज्वराने दगावला. याआधी १८९५ साली धाकटा मॉरिसही असाच परदेशी अंतरला होता. शिकागोची शाळा आजही विद्यापीठाच्या आश्रयाने चालू आहे. ड्यूई मात्र न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

तेथेच १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी झाले. १९३६ साली छापलेल्या, पण लाहोरला देता न आलेल्या भाषणात बाबासाहेबांनी आपल्या या गुरूंचे ऋण उघडपणे मानले आहे. १ जून १९५२ रोजी ड्यूई निवर्तले. पुढे चारच दिवसांनी कोलंबियाने बाबासाहेबांस सन्माननीय पदवी अर्पण केली.

१९१६ सालच्या ‘डेमोक्रसी अँड एज्युकेशन’ या ग्रंथात ड्यूईंनी कोणत्याही मंडळाची पारख करण्याच्या दोन कसोट्या दिल्या. घटकांमध्ये वाटून घेतलेले हितसंबंध किती व कसे आहेत, ही पहिली. इतर मंडळांशी त्याची देवाणघेवाण किती मोकळी आहे, ही दुसरी. पहिल्या कसोटीस आपली संस्था बऱ्याच अंशी उतरेल. शिष्यवृत्त्या, विद्यार्थिगृह, अडल्या कुटुंबास हात, हे आपण निष्ठेने करीत आलो. दुसऱ्या कसोटीपुढे मात्र आम्हांस क्षणभर खाली पाहावे लागते. आपल्या निधीचा, ग्रंथांचा, अभ्यासवर्गांचा लाभ शेजारच्या आळीतील परज्ञातीच्या मुलास का मिळू नये? पुढील वार्षिक सभेत या प्रश्नाचा विचार व्हावा, अशी ज्ञातिबंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे.