कॉटन किंगचं दिवाळं आणि राजाबाईचा टॉवर

मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधल्या जुन्या आवारात गेलेल्या प्रत्येकाने राजाबाई टॉवर पाहिलेला असतो. एखादा सेल्फीही काढलेला असतो. पण ही राजाबाई कोण, असं विचारलं की बहुतेक जण एकमेकांकडे बघतात. कुणाला वाटतं ती एखाद्या संस्थानाची राणी असेल. तसं काही नाही. राजाबाई ही एका शेअर दलालाची आई. त्या दलालाचं नाव प्रेमचंद रायचंद. साधारण एकशे साठ वर्षांपूर्वी त्यांच्या नुसत्या होकारावर मुंबईत माणसं श्रीमंत होत होती. पुढे त्यांचं दिवाळं वाजलं आणि त्यांच्या भरवशावर बसलेली कित्येक घरंही बुडाली.

मोबाइलवर दहा मिनिटांत डीमॅट खातं उघडता येण्याच्या आजच्या काळात या माणसाची गोष्ट माहीत असायलाच हवी. कारण शेअर बाजारातले आपले बरेचसे प्रश्न त्यांच्या आयुष्यात आधीच येऊन गेलेत.

सुरतेहून आलेला मुलगा

प्रेमचंद यांचा जन्म १८३१ च्या सुमाराचा, सुरतेच्या जैन व्यापारी कुटुंबातला. वडील रायचंद दीपचंद कुटुंबाला घेऊन मुंबईला आले. मुलाचं शिक्षण एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये झालं आणि तिथे तो इंग्रजी शिकला. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण तेव्हाच्या दलालांमध्ये इंग्रजी लिहिता, वाचता आणि बोलता येणारा पहिला भारतीय दलाल अशीच त्यांची ओळख झाली. एकीकडे इंग्रज बँकवाले, दुसरीकडे गुजराती-मारवाडी-पारशी व्यापारी. दोघांशी त्यांच्याच भाषेत बोलणारा माणूस मध्ये उभा राहिला तर काम त्याच्याकडेच येणार.

विशीच्या आसपास त्यांनी रतनचंद लाला या दलालाकडे उमेदवारी सुरू केली. शेअर बाजार म्हणावा अशी इमारत तेव्हा नव्हती. टाऊन हॉलसमोर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, वडाच्या झाडांखाली दलाल जमायचे आणि तिथेच सौदे व्हायचे. १८६० च्या सुमारास शहरात दलाल होते जेमतेम साठ. प्रेमचंद यांची स्मरणशक्ती दांडगी. भाव, नग, कुणाचं किती देणं-घेणं, सगळं डोक्यात. राहणी साधी आणि शब्दाला पक्का, अशी त्यांची ख्याती झाली. दलालाच्या धंद्यात हेच खरं भांडवल असतं.

युद्ध तिकडे, पैसा इकडे

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कापसावर चालायच्या. उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखली आणि तो कापूस अडकला. गिरण्यांनी मोर्चा हिंदुस्थानकडे वळवला. गुजरात, खानदेश, वऱ्हाडातला कापूस मुंबई बंदरातून जायचा. भाव कित्येक पटींनी चढले आणि चार वर्षं मुंबईत पैशाचा पूर आला.

प्रेमचंद स्वतः कापसाच्या व्यापारात होतेच. लोक त्यांना कॉटन किंग म्हणू लागले. पण खरा प्रश्न पुढे होता. एवढा पैसा आला, तो ठेवायचा कुठे? तेव्हा म्युच्युअल फंड नव्हते, पीपीएफ नव्हतं. नव्या कंपनी कायद्यांमुळे शेअर काढून कंपनी उभी करणं मात्र सोपं झालं होतं. मग रोज नवी कंपनी निघू लागली. १८६५ उजाडलं तेव्हा मुंबईत ३१ बँका, १६ वित्त कंपन्या आणि समुद्रात भर घालून जमीन काढू पाहणाऱ्या वगैरे ८ लँड कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी सगळ्या प्रकारच्या मिळून दहा-एक कंपन्याच होत्या, यावरून कल्पना येईल.

चिठ्ठी मिळाली की लॉटरी

यातली सगळ्यात गाजलेली कंपनी बॅक बे रेक्लमेशन. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर भराव टाकून जमीन तयार करायची, ही तिची योजना. पाच हजार रुपयांच्या तिच्या शेअरचा भाव पन्नास हजारांपर्यंत गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती!

अशा कंपनीचे शेअर सुरुवातीच्या भावात मिळाले की विकून लगेच नफा. आज आयपीओची अॅलॉटमेंट लागली म्हणून ग्रुपवर पार्टी मागतात, त्याचा हा पणजोबा. आणि शेअर कुणाला किती द्यायचे, हे बऱ्याचदा प्रेमचंद यांच्या शब्दावर ठरायचं. नवी कंपनी काढणाऱ्यांना त्यांचं नाव हवं असायचं, कारण त्यांचं नाव दिसलं की लोक बाकी काही विचारायचेच नाहीत. कंपनी काय करणार, कमावणार कशातून, हे कुणी पाहत नव्हतं. व्यापारी, कारकून, सरकारी अधिकारी, सगळे त्यात उतरले. दलालांची संख्या दोनशेच्या वर गेली.

इथपर्यंतही एक वेळ ठीक होतं. स्वतःच्या कमाईतले पैसे लावले आणि ते बुडाले तर माणूस हळहळतो आणि पुन्हा कामाला लागतो. मुंबईचं घोडं अडलं ते दुसरीकडे. लोक कर्ज काढून खेळत होते.

बँक ऑफ बॉम्बे ही १८४० मध्ये स्थापन झालेली प्रतिष्ठित बँक. सरकारही तिचं भागधारक. शेअर तारण ठेवून कर्ज द्यायचं नाही, असा तिचा जुना नियम होता. १८६३ च्या नव्या कायद्यात ही बंधनं सैल झाली आणि बँकेने शेअरवर कर्जं द्यायला सुरुवात केली. प्रेमचंद यांचं बँकेत चांगलंच वजन होतं. त्यांना मोठी कर्जं मिळाली आणि त्यांच्या शब्दावर इतरांनाही. आता हे चक्र बघा. कर्जाच्या पैशातून शेअरची खरेदी, खरेदीमुळे भाव वर, भाव वर म्हणून तारणाची किंमत वर, आणि तारण वाढलं म्हणून आणखी कर्ज. कागदावर सगळे श्रीमंत. पण या गाड्याला उलटा गियर पडला तर?

एक जुलै

दुसरी भानगड वायद्याच्या सौद्यांची होती. आज भाव ठरवायचा आणि पैसे मात्र पुढच्या ठरलेल्या तारखेला द्यायचे. समजा, मी एक शेअर १ जुलैला पन्नास हजारांना घेण्याचं कबूल केलं. आज खिशातून काहीच गेलं नाही. त्या दिवशी भाव साठ हजार झाला तर दहा हजार माझे. पण भाव दोन हजारांवर आला तर? तरीही पन्नास हजार मोजायचेच, म्हणजे अठ्ठेचाळीस हजारांचा खड्डा. आणि तेवढे पैसे माझ्याकडे कधी नव्हतेच. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण असे असंख्य सौदे त्या वेळी झाले होते आणि त्यांतल्या कितीतरी सौद्यांची तारीख होती १ जुलै १८६५.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण आले आणि अमेरिकेतलं युद्ध संपत आलं. ही बातमी मुंबईत पोचली तसे कापसाचे भाव कोसळले, पाठोपाठ शेअरही. ज्याला-त्याला विकायचं होतं, घेणारा कुणी नव्हता. १ जुलै आला तेव्हा देणी भागवायला पैसे कुणाकडेच नव्हते. अ ने ब ला द्यायचे, ब ने क ला, आणि अ कडेच नाहीत. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांना विकायची वेळ आली.

या लाटेत टाटांचं घरही सापडलं. पंचविशीतले जमशेटजी तेव्हा धंद्याच्या कामासाठी इंग्लंडमध्ये होते. त्यांच्या हातातल्या कापसाच्या हुंड्यांना किंमत उरली नाही आणि त्यांना तिथल्या धनकोंना तोंड द्यावं लागलं. ते पळाले नाहीत, समोर बसून हिशेब दिला.

आणि प्रेमचंद? १८६६ मध्ये त्यांचंही दिवाळं निघालं. बाजार त्यांच्याइतका कुणालाच कळत नव्हता. हुशारी, ओळखी, माहिती, अनुभव, सगळं होतं. पण देण्याची तारीख आली की या गोष्टी चलन म्हणून चालत नाहीत. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये बंद करावी लागली. चौकशी आयोग बसला आणि बँकेने कुणाला कसं कर्ज दिलं ते चव्हाट्यावर आलं. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. पुढे १९२१ मध्ये ती इम्पीरियल बँकेत मिसळली आणि १९५५ मध्ये त्या बँकेची स्टेट बँक झाली.

झळ फक्त मुंबईला बसली नाही. तेजीच्या काळात गावोगावच्या सावकारांनी शेतकऱ्यांना सढळ हाताने कर्ज दिलं होतं. भाव पडले तसा हात आखडला, पण जुन्या कर्जाचा तगादा सुरूच. वर शेतसाराही वाढला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. इतिहासाच्या पुस्तकात आपण दख्खनचे दंगे वाचतो, ते हेच.

उरलं ते काय

दिवाळं निघालं तेव्हा प्रेमचंद पस्तिशीचे होते. त्यानंतर ते चाळीस वर्षं जगले. पुन्हा धंदा केला, पुन्हा उभे राहिले. मात्र पूर्वीचा दरारा परत आला नाही. ९ जुलै १८७५ रोजी मुंबईच्या दलालांनी आपली रीतसर संघटना स्थापन केली. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद होते. सुरुवातीला ३१८ सभासद आणि प्रवेश फी एक रुपया. तोच आजचा बीएसई. भरवसा फक्त एका माणसाच्या शब्दावर ठेवायचा नसतो, त्याला नियम लागतात, हे या लोकांनी फार महागात शिकून घेतलं होतं. प्रेमचंद १९०६ मध्ये वारले.

त्यांच्या तेजीतल्या संपत्तीपैकी आज आपल्याला दिसतं ते मुख्यतः त्यांनी दान केलेलं. १८६४ मध्ये, ऐन भरात, त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले. मग आईच्या नावाने टॉवरसाठी आणखी दोन लाख. तो पैसा बाजारातून बाहेर पडला होता, म्हणून पडझडीत सापडला नाही. टॉवरची पायाभरणी झाली १ मार्च १८६९ ला, म्हणजे दिवाळं निघाल्यावर, आणि बांधकाम पूर्ण झालं १८७८ मध्ये. राजाबाईंना दिसत नव्हतं, घड्याळाच्या टोल्यांवरून त्यांना सूर्यास्ताआधी जेवायची वेळ कळावी म्हणून हा टॉवर, असं सांगतात. कलकत्ता विद्यापीठातली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही त्यांच्याच देणगीतली.

आता आपला हिशेब

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा एक अभ्यास आला. आधीच्या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त किरकोळ ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. कॉलेजच्या किती वर्षांची फी झाली, मोजा.

म्हणून कुठला शेअर घेऊ, हा पहिला प्रश्न नाही. पैसे कुणाचे आणि कधी परत लागणार आहेत, हा पहिला. पॉकेटमनीतून किंवा इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून महिन्याला ५०० रुपयांची इंडेक्स फंडात एसआयपी केली आणि बाजार पडला, तर ती रक्कम कमी दिसेल. वाईट वाटेल, पण दारात कुणी येणार नाही. तेच पैसे मित्राकडून उसने, लोन अॅपवरून किंवा ब्रोकरच्या मार्जिन ट्रेडिंगमधून आणले असतील, तर शेअर पडल्यावरही देणं तेवढंच राहतं, वर व्याज. पुढच्या सेमिस्टरची फी तर बाजारात नकोच. ती बचत खात्यात किंवा एफडीत बरी.

आणि टॅक्स? आपल्याकडे आयकर पहिल्यांदा आला १८६० मध्ये आणि १८६५ मध्ये बंदही झाला. ती सोय आता नाही! सध्याच्या नियमांनुसार शेअर वर्षभराच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के, त्यानंतर विकल्यास वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. फ्युचर्स-ऑप्शन्सची कमाई व्यवसायाचं उत्पन्न धरतात. तोटा झाला तरी रिटर्न वेळेत भरा. नाहीतर तो तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करून मिळत नाही.

पुढच्या वेळी एखादा सीनियर किंवा टेलिग्राम चॅनल अमुक शेअर डबल होणार म्हणून सांगेल, तेव्हा कंपनी काय करते आणि पैसा कशातून मिळवते, एवढं त्याला विचारून बघा. १८६४ मध्ये प्रेमचंद यांच्या दारात उभ्या असलेल्या गर्दीने ते विचारलं नव्हतं.