कॅपाब्लांकाला हरवणारे सुलतान खान

मलकापूर : सुगी आटोपली की पारावर पट मांडणाऱ्यांनी मीर सुलतान खान हे नाव लक्षात ठेवावं. पंजाबातला गडी, देशी नियमांनी शिकलेला. देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, म्हणून विलायती डावाची सुरुवात त्यांना जड जायची. पण मोहरी कमी झाली, पटावर राजा, हत्ती आणि प्यादी उरली, की भलेभले त्यांच्यापुढं दमायचे. १९३०-३१ ला हेस्टिंग्जला माजी जगज्जेत्या कॅपाब्लांकाला त्यांनी ६५ चालींत नमवलं. ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा : १९२९, १९३२, १९३३. १९३५ ला आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी दहा डाव झाले. खाडिलकरांच्या हाती एक बरोबरी लागली, आणि ती काय थोडी नव्हे! पुढं स्पर्धा सुटल्या, सुलतान खान गावाकडं शेतीत रमले. १९६६ ला वारले. जागतिक संघटनेनं मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो २०२४ ला, ५८ वर्षांनी.